खैबर पख्तुनख्वा: भूगोल आणि जिल्हे यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाकिस्तानच्या वायव्येकडील या पश्तूनबहुल प्रांताविषयी मराठी वाचकांकडून तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. काही प्रश्न स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्यांचे असतात, काही बातम्यांतल्या गावांची नावे नकाशावर न सापडल्यामुळे गोंधळलेल्यांचे असतात आणि काही थेट पेशवाईच्या इतिहासातून आलेले असतात. येथे ते साध्याकडून अवघडाकडे लावले आहेत. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा न सांगता त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हा प्रांत नेमका कुठे आहे आणि केवढा आहे?

खैबर पख्तुनख्वाच्या पश्चिमेला आणि उत्तरेला अफगाणिस्तान, ईशान्येला गिलगित-बाल्टिस्तान, पूर्वेला पाकव्याप्त काश्मीर, इस्लामाबादचा राजधानी प्रदेश व पंजाब आणि दक्षिणेला बलुचिस्तान आहे. क्षेत्रफळ १,०१,७४१ चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण एक तृतीयांश. २०२३ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ४ कोटी ८ लाखांच्या आसपास आहे. राजधानी पेशावर.

हा प्रांत उत्तर-दक्षिण असा लांबट पसरला आहे. उत्तरेच्या टोकाला चित्रालमध्ये हिंदुकुशातले सर्वांत उंच शिखर तिरिच मीर ७,७०० मीटरच्या आसपास उभे आहे, तर दक्षिणेच्या टोकाला डेरा इस्माईल खानचे मैदान समुद्रसपाटीपासून जेमतेम पावणेदोनशे मीटरवर उन्हाळ्यात भाजून निघते. त्यामुळे ‘तिथले हवामान कसे असते’ या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देता येत नाही. अबोटाबाद-मानसेहरा भागात आपल्यासारखा मोसमी पाऊस पडतो, पण चित्रालपर्यंत तो फारसा पोहोचतच नाही आणि तेथे पाण्याची भिस्त हिवाळ्यातल्या बर्फावर असते.

२. जुन्या पुस्तकांतला ‘वायव्य सरहद्द प्रांत’ तो हाच का? नाव केव्हा बदलले?

होय, तोच. लॉर्ड कर्झनने १९०१ मध्ये पंजाबातून सिंधूपलीकडचे जिल्हे आणि अलीकडचा हजारा जिल्हा काढून हा वेगळा प्रांत केला. खान अब्दुल गफार खान यांना आपण ‘सरहद्द गांधी’ म्हणतो ते याच नावावरून. त्यांचे गाव उत्मानझई आजच्या चारसद्दा जिल्ह्यात आहे. १९५५ मध्ये पश्चिम पाकिस्तानचे सारे प्रांत एकत्र केले गेले तेव्हा हा प्रांत कागदावरून नाहीसा झाला आणि १९७० मध्ये पुन्हा आला. आजचे नाव २०१० मध्ये अठराव्या घटनादुरुस्तीने मिळाले.

‘ख्वा’ म्हणजे बाजू किंवा दिशा; ‘पख्तुनख्वा’ म्हणजे पख्तुनांचा मुलूख. त्याच्याआधी ‘खैबर’ जोडले गेले ते राजकीय तडजोड म्हणून, आणि तरीही ज्यांची भाषा पश्तो नाही अशा हजारा भागात या नावाविरुद्ध मोठे आंदोलन झाले. एप्रिल २०१० मध्ये अबोटाबादेत गोळीबार होऊन माणसे मेली. नाव बदलणे किती महाग पडू शकते हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.

३. पठाण, पश्तून आणि पख्तुन हे तीन वेगळे समाज आहेत का?

नाहीत. पश्तो लिपीत एक अक्षर असे आहे की पेशावर-मर्दानकडचे लोक त्याचा उच्चार ‘ख’सारखा करतात आणि दक्षिणेकडचे, कंदाहारकडचे, ‘श’सारखा. म्हणून एकच शब्द उत्तरेत ‘पख्तुन’ आणि दक्षिणेत ‘पश्तून’ असा ऐकू येतो. ‘पठाण’ हे त्याच शब्दाच्या अनेकवचनाचे भारतीय जिभेवर घडलेले रूप आहे.

४. मग प्रांतातले सगळे लोक पश्तून आहेत का?

बहुसंख्य आहेत, सगळे नाहीत. साधारण पाचांपैकी चौघांची मातृभाषा पश्तो आहे. हरिपूर, अबोटाबाद आणि मानसेहरा या पट्ट्यात हिंदको चालते, आणि पेशावरच्या जुन्या तटबंदीच्या आतली पिढ्यान्‌पिढ्यांची बोलीही हिंदकोच आहे. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत गेलेले दिलीप कुमार पेशावरच्या किस्सा ख्वानी बाजारालगतच्या मोहल्ल्यात जन्मले, ते अशाच हिंदकोभाषक घरात. त्यांचे वडील फळांचे व्यापारी होते आणि मुलाच्या शाळेची काही वर्षे आपल्या नाशिकजवळच्या देवळालीत गेली.

डेरा इस्माईल खानमध्ये सराईकी, चित्रालमध्ये खोवार, कोहिस्तानात कोहिस्तानी बोली, स्वातच्या वरच्या खोऱ्यात तोरवाली, आणि दक्षिण वझिरिस्तानातल्या कानीगुरम गावात ओरमुरी अशी ही यादी लांबत जाते. चित्रालच्या बुंबुरेत, रुंबुर आणि बिरीर या तीन खोऱ्यांत कलाश लोक राहतात. त्यांची भाषाही वेगळी आणि परंपरागत धर्मही वेगळा.

५. या भागातल्या मुख्य नद्या कोणत्या? त्या ओळखण्याची काही सोपी युक्ती आहे का?

युक्ती ऋग्वेदात आहे. कुभा म्हणजे काबूल नदी, सुवास्तु म्हणजे स्वात, क्रुमु म्हणजे कुर्रम आणि गोमती म्हणजे गोमल. ही चार नावे आणि सिंधू लक्षात ठेवली की प्रांताचा सांगाडा डोळ्यांसमोर येतो, कारण येथली वस्ती, रस्ते आणि जिल्ह्यांच्या सीमा बहुतांशी खोऱ्यांनुसारच पडल्या आहेत.

स्वात नदी कालामजवळ दोन प्रवाहांच्या संगमातून तयार होते, दीरकडून येणारी पंजकोरा तिला मिळते आणि पुढे चारसद्द्याजवळ ती काबूल नदीत जाते. काबूल नदी पेशावरचे मैदान भिजवून नौशेऱ्यावरून सिंधूला मिळते. २०१० च्या महापुरात नौशेरा बुडाले ते या दोन्ही नद्यांचे पाणी एकदम आल्यामुळे. कुर्रम नदी अफगाणिस्तानात उगम पावून पाराचिनारच्या खोऱ्यातून खाली येते, बन्नू आणि लक्की मरवत ओलांडते आणि तोची नदीला पोटात घेऊन पंजाबच्या हद्दीत सिंधूला मिळते. गोमल अगदी दक्षिणेला, डेरा इस्माईल खानच्या खाली.

चित्रालचे पाणी मात्र सरळ वाटेने जात नाही. वर यारखुन, मग मस्तुज, मग चित्राल अशी नावे बदलत ही नदी अरंदूजवळ अफगाणिस्तानात शिरते, तेथे तिला कुनार म्हणतात, जलालाबादजवळ ती काबूल नदीला मिळते आणि त्या नदीच्या रूपाने पुन्हा याच प्रांतात परत येते. म्हणजे पेशावरजवळच्या वारसक धरणात अडणाऱ्या पाण्याचा मोठा भाग याच प्रांतातल्या बर्फाचा असतो, फक्त परदेशातून वळसा घालून आलेला. पाकिस्तान आणि अफगाणिस्तान यांच्यात या पाण्याचा वाद गुंतागुंतीचा का होतो, हे यावरून कळेल.

पूर्वेकडे एक अपवाद आहे. मानसेहऱ्याच्या काघान खोऱ्यातली कुन्हार नदी सिंधूकडे न जाता झेलमला मिळते.

६. ‘अटकेपार झेंडे लावले’ असे आपण म्हणतो ते अटक याच प्रांतात आहे का?

नाही, पण अटकेपलीकडचा मुलूख याच प्रांतात आहे. अकबराने बांधलेला अटकेचा किल्ला सिंधूच्या डाव्या तीरावर, आजच्या पंजाबातल्या अटक जिल्ह्यात आहे. समोरच्या तीरावर खैराबाद, आणि ते खैबर पख्तुनख्वाच्या नौशेरा जिल्ह्यात येते. १७५८ मध्ये राघोबादादांच्या मोहिमेत मराठी फौजा अटकेपर्यंत पोहोचल्या, त्या काळी सिंधू हीच ओलांडायची रेषा होती. आजही दोन प्रांतांची हद्द तेथे नदीवरच आहे.

जागा पाहण्यासारखी आहे. किल्ल्याच्या किंचित वरच्या अंगाला काबूल नदी सिंधूला मिळते. काबूल नदीचे पाणी गाळाने मातकट झालेले असते, वरच्या तरबेला धरणात गाळ टाकून आलेली सिंधू निळसर असते, आणि दोन्ही रंग बरेच अंतर एकमेकांना लागून, न मिसळता वाहताना दिसतात.

या संगमापासून जवळच, स्वाबी जिल्ह्यातल्या लाहोर नावाच्या गावी, पाणिनीचे शलातुर होते असे मानले जाते. हे लाहोर वेगळे. पंजाबच्या राजधानीशी त्याचा संबंध नाही.

७. प्रांताची प्रशासकीय उतरंड कशी आहे? आपल्या पद्धतीशी जुळते का?

बरीचशी जुळते, कारण दोन्हीकडचा पाया इंग्रजी अमदानीतला आहे. प्रांत, त्याखाली विभाग, जिल्हा आणि तहसील अशी उतरंड आहे. विभागावर आयुक्त असतो आणि जिल्ह्यावर डेप्युटी कमिशनर, म्हणजे आपला जिल्हाधिकारी. तहसील म्हणजे आपला तालुका आणि पटवारी म्हणजे आपला तलाठी.

फरक लोकनियुक्त संस्थांत आहे. आपल्याकडे जिल्हा परिषद असते. तेथे २०१९ च्या कायदादुरुस्तीने जिल्हा पातळीवरची निवडून येणारी परिषदच काढून टाकली. आता निवडणूक होते ती तहसील पातळीवर आणि त्याखालच्या गाव किंवा मोहल्ला परिषदांसाठी.

८. जिल्हे एकूण किती? यादी मिळेल का?

सात विभाग आणि छत्तीस जिल्हे. योगायोगाने महाराष्ट्राचेही छत्तीसच आहेत, त्यामुळे आकडा पाठ करायला सोपा आहे. १९०१ मध्ये जिल्हे होते पाचच: हजारा, पेशावर, कोहाट, बन्नू आणि डेरा इस्माईल खान.

आज पेशावर विभागात पेशावर, चारसद्दा, नौशेरा, खैबर आणि मोहमंद हे जिल्हे आहेत. मर्दान विभागात मर्दान आणि स्वाबी हे दोनच. कोहाट विभागात कोहाट, हंगू, करक, ओरकझई आणि कुर्रम येतात, बन्नू विभागात बन्नू, लक्की मरवत आणि उत्तर वझिरिस्तान. डेरा इस्माईल खान विभागात त्याच नावाचा जिल्हा, टांक, आणि वरचे व खालचे दक्षिण वझिरिस्तान. हजारा विभागात हरिपूर, अबोटाबाद, मानसेहरा, बट्टग्राम, तोरघर, वरचे कोहिस्तान, खालचे कोहिस्तान आणि कोलाई-पालस असे आठ, आणि मलाकंद विभागात स्वात, बुनेर, शांगला, मलाकंद, बाजौर, वरचे व खालचे दीर आणि वरचे व खालचे चित्राल असे नऊ.

मोठे जिल्हे फोडण्याची मागणी तेथेही सतत चालू असते, म्हणून कुठे अडतीस असा आकडा दिसला तर तो चूकच आहे असे समजू नये. बट्टग्राममधल्या आलाईसारख्या भागांना स्वतंत्र जिल्हे मोजले की हा आकडा पुढे सरकतो.

९. बातम्यांत ‘फाटा’, ‘एजन्सी’, ‘आदिवासी भाग’ असे शब्द येतात. ते जिल्हेच आहेत की आणखी काही?

आता जिल्हे आहेत. २०१८ पर्यंत नव्हते. या प्रांताचा नकाशा कळायचा असेल तर एवढी एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण आजचे छत्तीस जिल्हे दिसायला सारखे असले तरी ते तीन वेगवेगळ्या इतिहासांतून आले आहेत.

पहिला गट बंदोबस्ती जिल्ह्यांचा. ‘बंदोबस्त’ हा येथे जमीन मोजून सारा ठरवण्याचा शब्द आहे, आपली जमाबंदी. पेशावर, मर्दान, बन्नू यांसारख्या सपाटीच्या जिल्ह्यांत तो झाला; तेथे पटवारी, पोलीस आणि न्यायालये आली. दुसरा गट संस्थानांचा. त्याबद्दल प्रश्न १० पाहावा. तिसरा गट डोंगरातल्या टोळ्यांचा. सपाटीवरचे लोक त्याला ‘इलाका गैर’ म्हणत, म्हणजे जेथे सरकारचा कायदा चालत नाही तो परका मुलूख.

या तिसऱ्या गटात बाजौर, मोहमंद, खैबर, ओरकझई, कुर्रम, उत्तर वझिरिस्तान आणि दक्षिण वझिरिस्तान अशा सात एजन्सी होत्या. त्यांखेरीज पेशावर, कोहाट, बन्नू, लक्की मरवत, टांक आणि डेरा इस्माईल खान या जिल्ह्यांना चिकटलेले सहा सीमाप्रदेश होते. या सगळ्याला मिळून ‘फाटा’ म्हणत, म्हणजे केंद्राच्या कारभाराखालचे आदिवासी भाग. क्षेत्रफळ २७,२२० चौरस किलोमीटर, २०१७ ची लोकसंख्या सुमारे ५० लाख. येथे १९०१ चा सरहद्द गुन्हे कायदा चालत असे: एकाने गुन्हा केला तर त्याच्या साऱ्या टोळीला दंड, आणि पोलिटिकल एजंटच्या, म्हणजे एजन्सीचा कारभार पाहणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याच्या, निर्णयाविरुद्ध नेहमीच्या न्यायालयात दाद नाही. कारभार कधी कधी एजन्सीच्या बाहेर बसूनच हाकला जाई. ओरकझईचे कार्यालय हंगूत होते आणि दक्षिण वझिरिस्तानचे हिवाळ्यात टांकमध्ये.

मे २०१८ मध्ये पंचविसाव्या घटनादुरुस्तीने हा सारा भाग प्रांतात विलीन झाला. एजन्सींचे जिल्हे झाले, सीमाप्रदेश शेजारच्या जिल्ह्यांचे उपविभाग झाले, आणि जुलै २०१९ मध्ये येथल्या लोकांनी प्रथमच प्रांतिक विधानसभेसाठी मतदान केले. पण एका सहीने जमिनीचे दप्तर तयार होत नाही. पिढ्यान्‌पिढ्या टोळीच्या आठवणीत असलेल्या हद्दी कागदावर आणण्याचे काम येथे नव्याने करावे लागत आहे. नावे बदलायलाही वेळ लागतो, म्हणून आजही ‘खैबर एजन्सी’ छापून येते. असे दिसले की ‘खैबर जिल्हा’ वाचावे.

१०. स्वात, दीर आणि चित्राल ही खरोखर संस्थाने होती का?

होती, आणि १९४७ नंतरही बावीस वर्षे टिकली. चित्रालवर मेहतर, दीरवर नवाब आणि स्वातवर वली राज्य करीत. १९६९ मध्ये ही तिन्ही विलीन झाली. सिंधूकाठचे अंब संस्थानही त्याच सुमारास संपले, आणि त्याचा बराच भाग तरबेला धरणाच्या पाण्याखाली गेला. विलीनीकरणानंतरही या भागाला काही वेगळे कायदे लागू होते, तेही २०१८ च्या दुरुस्तीने संपले.

११. मलाकंद विभागाचे मुख्य ठिकाण मलाकंद जिल्ह्यात का सापडत नाही?

कारण ते स्वात जिल्ह्यात, सैदू शरीफला आहे. मलाकंद जिल्हा हा विभागाचा एक छोटा दक्षिणेकडचा भाग असून त्याचे मुख्य ठिकाण बटखेला आहे. इंग्रजांनी दीर, स्वात आणि चित्रालवर लक्ष ठेवण्यासाठी मलाकंद खिंडीत ठाणे बसवले आणि त्या ठाण्याचे नाव सगळ्या मुलखाला पडले. हजाराचे नेमके उलटे आहे: विभाग आहे, त्या नावाचा जिल्हा आता नाही, कारण जुना हजारा जिल्हा फुटून त्याचे तुकडे झाले. आणि ‘खैबर’ हे प्रांताच्या नावात आहे, एका जिल्ह्याचे आहे आणि जमरूदहून लंडी कोतलवरून तोरखमला जाणाऱ्या खिंडीचेही आहे. बातमीत नुसते ‘खैबर’ आले तर तिन्हींपैकी कोणते ते पुढच्या गावाच्या नावावरून ठरवावे लागते.

१२. हजारा विभागात हजारा लोक राहतात का?

नाही. अफगाणिस्तानच्या बामियान भागातले आणि क्वेट्ट्यातले हजारा लोक वेगळे. त्यांचा या विभागाशी संबंध नाही. येथे ‘हजारा’ हे प्रदेशाचे नाव आहे.

१३. ब्रिगेडियर उस्मान लढले ते नौशेरा हेच का?

नाही. १९४८ च्या काश्मीर युद्धातले नौशेरा जम्मूतल्या राजौरी जिल्ह्यातले. काबूल नदीवरचे नौशेरा वेगळे. त्याचप्रमाणे पख्तिया आणि पख्तिका हे अफगाणिस्तानचे प्रांत आहेत. नावाचे मूळ तेच असले तरी ते पख्तुनख्वाचे जिल्हे नव्हेत.

१४. वरचे आणि खालचे जिल्हे उत्तर-दक्षिण दिशेने ठरतात का?

दिशेने नव्हे, नदीने. वरचा म्हणजे खोऱ्याच्या उगमाकडचा. दीर १९९६ मध्ये आणि चित्राल २०१८ मध्ये असे विभागले गेले. चित्राल अखंड होते तेव्हा ते १४,८५० चौरस किलोमीटरचे, म्हणजे विलीनीकरणापूर्वीच्या प्रांताचा पाचवा हिस्सा होते. वरच्या चित्रालचे मुख्य ठिकाण बुनी आहे.

दक्षिण वझिरिस्तानचे २०२२ मध्ये दोन भाग झाले तेव्हा टोळ्यांचाही विचार होता: वरच्या भागात प्रामुख्याने मेहसूद आहेत, आणि वाना ज्यात येते त्या खालच्या भागात अहमदझई वझीर.

१५. चित्राल हिवाळ्यात तुटून पडते असे वाचले होते. अजूनही पडते का?

पूर्वीसारखे नाही. दीरहून चित्रालला जायची वाट ३,१०० मीटरहून उंच लोवारी घाटातून होती आणि बर्फ पडले की ती कित्येक महिने बंद राही. मग लोकांना अफगाणिस्तानातल्या कुनारमधून वळसा घेऊन स्वतःच्या प्रांतात यावे लागे, तेही तिकडची परिस्थिती बरी असेल तर. नदीची वाट (प्रश्न ५) हीच तेव्हा माणसांची वाट होती. साधारण साडेआठ किलोमीटरचा लोवारी बोगदा २०१७ मध्ये खुला झाला आणि हे चित्र बदलले. पूर्वेची शंदूर खिंड मात्र अजूनही बर्फाच्या मर्जीवर असते.

१६. नकाशात कुर्रम जिल्हा अफगाणिस्तानात चोचीसारखा का घुसला आहे?

१८९३ च्या ड्युरँड रेषेच्या वेळी कुर्रमचे खोरे इंग्रजांच्या ताब्यात होते, म्हणून रेषा त्याला वळसा घालून गेली. या भागाला ‘पोपटाची चोच’ असेच म्हणतात. उत्तरेला स्पिन घर म्हणजे सफेद कोहची रांग आणि पश्चिमेला पैवार कोतल खिंड आहे. पाराचिनारहून काबूल हवाई अंतराने शंभर किलोमीटरच्या आसपास, म्हणजे पेशावरपेक्षाही जवळ. प्रांतात उतरण्यासाठी पाराचिनारला मुख्य रस्ता एकच, हंगू जिल्ह्यातल्या थलकडे जाणारा. शिया तुरी टोळीची वस्ती वर आणि रस्त्यावरची बरीच गावे सुन्नी, त्यामुळे तंटा पेटला की हा रस्ता बंद होतो आणि वर औषधांचीही टंचाई होते. २०२४ च्या अखेरीस नेमके हेच घडले.

१७. प्रांताची हद्द ताजिकिस्तानला किंवा चीनला लागते का?

दोन्हींना लागत नाही. ताजिकिस्तान आणि चित्राल यांच्यामध्ये अफगाणिस्तानची वाखानची चिंचोळी पट्टी आहे, आणि चीनची हद्द गिलगित-बाल्टिस्तानला लागते.

१८. जुनी आणि नवी आकडेवारी जुळत नाही. कोणती खरी धरावी?

बहुधा दोन्ही खऱ्या असतात. क्षेत्रफळ ७४,५२१ दिसले तर तो आकडा फाटा वगळून आहे. त्यात २७,२२० मिळवले की प्रश्न १ मधला आकडा येतो. १९९८ च्या जनगणनेशी जिल्हावार तुलना करताना आजचे वरचे आणि खालचे भाग एकत्र करावेत, कोहिस्तानचे तिन्ही जिल्हे एक धरावेत आणि तोरघर मानसेहऱ्यात मिळवावा. काला ढाका या जुन्या नावाने तो २०११ पर्यंत तेथेच मोजला जात होता. सीमाप्रदेशांचे लोक जुन्या तक्त्यांत ‘फाटा’खाली आणि नव्या तक्त्यांत कोहाट, बन्नू वगैरे जिल्ह्यांत असतात, म्हणून त्या जिल्ह्यांची वाढ फुगलेली दिसते. शस्त्रांच्या कारागिरीसाठी प्रसिद्ध असलेले दर्रा आदम खेल हे याचे उत्तम उदाहरण आहे.

१९. दरीवर अडकलेल्या केबल कारची बातमी कोणत्या जिल्ह्यातली होती?

ऑगस्ट २०२३ मध्ये ही घटना घडली तेव्हा बहुतेक बातम्यांत बट्टग्राम लिहिले होते. काही ठिकाणी आलाई असे आले. गाव एकच, फरक प्रश्न ८ मधल्या मोजणीचा. शाळेला निघालेली मुले धरून आठ जण तारा तुटून शेकडो फूट खोल दरीवर लोंबकळत राहिले आणि रात्री उशिरापर्यंत त्या सर्वांना सुखरूप काढण्यात आले. या डोंगरांत समोरच्या उतारावरचे गाव डोळ्यांना दिसते, पण रस्त्याने तेथे पोहोचायला तासन्‌तास लागतात, म्हणून गावकरी आपसांत पैसे घालून दरीवर तार टाकतात आणि जुन्या गाडीचा सांगाडा पाळण्यासारखा तिला टांगतात.